आईचे नऊ फोटो

तेराव्याचं पुरण वाटून कधीच झालं होतं, तरी लीला पुरणयंत्राचा दांडा फिरवत होती. माजघरात दोघा भावांचं भांडण पेटलं होतं, आणि दांडा थांबला असता तर बाहेर कळलं असतं की आतली बाई कान देऊन ऐकते आहे. म्हणून हळू, आवाज होईल न होईल असा, ती फिरवत राहिली.

"घरात फोटोवाला," तिचे यजमान बाळाचार्य म्हणत होते, "पगारी फोटोवाला! आणि भिंतीवर टांगायला आईचा फोटो नाही. लोकांना सांगू काय मी?"

"राहून गेलं, अण्णा." हा मधुकर, धाकटा.

"माशीच्या डोळ्याचा राहत नाही. मोहरीच्या दाण्याचा राहत नाही. आई तेवढी राहून गेली!"

"राहून गेलं."

"दुसरं काही येतं का तुला बोलायला? दसऱ्याला तुला सांगितलं होतं, आईचा एक धड फोटो काढ म्हणून. कानाच्या पाळीचा नको, पायाच्या नखाचा नको, माणसाचा काढतात तसा काढ. सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतंत."

"मग?"

बाळाचार्य शाळेत संस्कृत शिकवायचे. त्यांचा आवाज चार वर्ग ओलांडून जायचा, तिथं माजघराची भिंत ती काय. "ज्याला आईचा चेहरा बघावासा वाटला नाही," ते म्हणाले, "त्याचं या घरात काम काय?"

लीलाला उठून दारात जायचं होतं आणि एवढंच म्हणायचं होतं: काढले होते त्यानं. नऊ काढले होते. मी घालवले. इतकं बोलायला पाणी प्यायला लागतो त्याहूनही कमी वेळ लागला असता. ती दांडा फिरवत राहिली.

थोड्या वेळानं मधुकरच स्वयंपाकघराच्या दारात आला. खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी, काखेत निगेटिव्हचा बिस्किटाचा डबा. "निघतो वहिनी," तो म्हणाला. "फ्रिजच्या वरच्या खणात औषधाची डबी आहे. तिच्यात मुंगळा आहे. सोडून द्या, अजून जिवंत असेल." आणि तो हुबळीच्या वाटेवरच्या नवनगरला गेला तो अठ्ठावीस वर्षं त्या घराची पायरी चढला नाही.

आता मधुकर कसा होता ते सांगायला हवं, नाहीतर चूक कोणाची हे कळायचं नाही.

लीला लग्न होऊन धारवाडात आली तेव्हा तो अर्ध्या चड्डीत होता. चौथीपर्यंत शिकलेल्या वहिनीला तो आपल्या वहीत शेरडाच्या लेंडीचं चित्र दाखवायचा, भिंगातून बघून काढलेलं, आणि विचारायचा, "ओळखा." लीला म्हणायची, "जांभूळ." तो खूश. पुढं शेतकी शिकवणाऱ्या एका कॉलेजात फोटो काढायच्या कामाला लागला. शास्त्रज्ञ लोक मावा, तुडतुडे, अळ्या आणून द्यायचे आणि हा त्यांना एवढं मोठं करून दाखवायचा की शेतकऱ्यानं बघितलं तर शेत सोडून पळून जावं. घरी आला की परत तेच. मिठाचा खडा, लसणीचं साल, लीलाच्या हातातल्या बांगडीला गेलेली चीर.

माणसांचे फोटो तो काढायचा नाही. कोणी लग्नाला बोलावलं तर म्हणायचा, "माणसं फार मोठी असतात हो, मावत नाहीत." त्याच्या स्वतःच्या लग्नाचंही याच पायी राहिलं. हुबळीची एक मुलगी बघायला गेले होते. मुलगी चांगली, शिकलेली. हा सगळा वेळ तिच्या कानातल्या कुडीकडे टक लावून बसला. बाहेर आल्यावर बाळाचार्यांनी विचारलं, "कशी वाटली?" तर म्हणतो, "सात मोती आहेत, अण्णा, त्यातला एक खरा नाही." मुलीकडच्यांना ते कसं कोण जाणे कळलं. झालं.

त्याचा कॅमेरा म्हणजे चौकोनी काळी पेटी, पुढच्या बाजूला एकावर एक दोन डोळे. वरचं झाकण उघडून विहिरीत बघतात तसं मान घालून बघायचं. रोल चांगला तीन बोटं रुंद, आणि त्यात फोटो बाराच. वरच्या डोळ्यानं बघायचं, खालच्यानं फोटो घ्यायचा. वस्तू दहा हात लांब असली तर त्यानं काही बिघडत नाही. पण डोळ्यापुढं भिंगावर भिंग लावून मोहरीच्या अगदी जवळ गेलं, की वरच्याला दिसते मोहरी आणि खालचा घेतो भलतंच, मोहरीखालचा पाट. म्हणून मधुकरनं सुताराकडून सागवानी ठोकळा करून घेतला होता, दोन डोळ्यांत जेवढं अंतर तेवढाच उंच. आधी ठोकळ्याशिवाय बघून सगळं जुळवायचं. मग कॅमेऱ्याखाली ठोकळा सारायचा, की खालचा डोळा वरच्याच्या जागी येतो. आणि मग खटका दाबायचा.

ठोकळा सारायचं काम लीलाचं. तिचा हात हलका होता, कॅमेरा केसभर सरकायचा नाही. मधुकर विचारायचा, "वर?" ठोकळा घातला असला तर ती म्हणायची, "वर." नसला तर, "खाली." एवढाच मंत्र. पंखा बंद, कुकर बंद, दोघांचे श्वास बंद. भरल्या घरात वहिनी-दीर टेबलावर वाकून मुंगीपुढं श्वास रोखून उभे आहेत हे पाहून शेजारणी हसायच्या. किडा हलू नये म्हणून तो डबीत घालून फ्रिजमध्ये थंड करायचा, आणि नैवेद्याच्या दुधाशेजारी झुरळ बघून बाळाचार्य सोवळ्यातच गरजायचे. लीला मध्ये पडायची, "अहो, झाकण घट्ट आहे की." तिला हे सगळं आवडायचं. घरातल्या कुठल्याच दुसऱ्या कामात कोणी तिला "बरोब्बर, वहिनी!" म्हणायचं नाही.

त्या वर्षी दसऱ्यानंतर सासूबाई अंथरुणाला खिळल्या. त्यांना घरात सगळे आईच म्हणत. बाळाचार्य शाळेत गेल्यावर एका सकाळी मधुकरनं आईची खाट खिडकीपाशी ओढली, उजेड नीट पडेलसा. लीलाला म्हणाला, "आज आई." लीलाला इतकं बरं वाटलं की तिनं आईंचं लुगडं बदललं, केस विंचरले.

पहिले पाच फोटो त्यानं आपल्या पद्धतीनंच घेतले: वात वळायची सवय गेली नव्हती त्या बोटांचा, हनुवटीवरच्या गोंदणाचा, पापणीचा. टेबल इतकं जवळ आणलं की कॅमेरा आईंच्या नाकाला लागेल. आई म्हणाल्या, "मेल्या, इतक्या जवळ तू दूध पितानाच आला होतास." मधुकर हसला, हसण्यानं कॅमेरा हलला, परत जुळवावं लागलं. मग त्यानं भिंगं काढली, टेबल मागं घेतलं आणि चार फोटो काढले चेहऱ्याचे. माणसाचे काढतात तसे. आई त्यात हसत होत्या. नऊ झाले. "आता परत एकदा जवळून, डोळा तेवढा घेतो," म्हणून त्यानं भिंगं लावली, कॅमेरा जुळवला, आणि बाहेर गॅसवाला आला.

"खाली कोड्री अक्कार! खाली!" गॅसवाला ओरडत होता, म्हणजे रिकामा सिलिंडर द्या. कानडीत रिकाम्याला खाली म्हणतात, आणि धारवाडात कानडी कुठं संपते नि मराठी कुठं सुरू होते हे कोणी विचारत बसत नाही. लीलाच्या स्वयंपाकघरातसुद्धा साखरेचा डबा खालीच व्हायचा. मधुकर सिलिंडर ओढत बाहेर गेला आणि दारातून ओरडला, "वहिनी, खाली आहे हं! बघा जरा!"

त्याचं म्हणणं एवढंच, की कॅमेरा खाली आहे, ठोकळा सारलेला नाही, तेवढं बघा. लीलाच्या कानात मात्र गॅसवाल्याचं खाली बसलं होतं. तिला वाटलं, रोल खाली झाला.

रोल संपला की तो काय करतो हे तिनं शंभरदा बघितलं होतं. मागचं झाकण उघडायचं, रोल काढायचा, कागदाची पट्टी जिभेनं ओली करून चिकटवायची. आई दमल्या होत्या, मधुकर सिलिंडरशी झटत होता. आपण तेवढं हातावेगळं करावं म्हणून तिनं झाकण उघडलं. आत रोल अर्धा इकडं, अर्धा तिकडं. तिला वाटलं ढिला पडलाय. तिनं तो सगळा बाहेर काढला, खिडकीपाशी उजेडाला धरून नीट उलगडला, आणि सुरळीच्या वड्या करतात तसा हलक्या हातानं, घट्ट, पुन्हा गुंडाळला. फार सुबक गुंडाळला. पट्टी जिभेला लावणार तोच मधुकर आत आला.

तो उंबऱ्यात थांबला. गॅसच्या पावतीची त्यानं आधी एक घडी घातली, मग आणखी एक. लीलाला त्याच्या तोंडाकडे बघूनच कळलं की काहीतरी मोठं झालंय, काय ते कळलं नाही.

"काय झालं रे?"

"काही नाही," तो म्हणाला. "छान गुंडाळलाय. उजेड लागला त्याला, एवढंच. परत काढू."

"सगळे गेले?"

"परत काढू की, वहिनी. आई कुठं पळून चाललीय? आणि अण्णांना सांगू नका हं, उगीच तुम्हाला बोलतील."

नवा रोल बेंगळूरहून यायला आठ दिवस लागायचे. आईंना दुसऱ्या दिवशी दवाखान्यात न्यावं लागलं, आणि सहाव्या दिवशी त्या गेल्या. रोल आला तो घरात सुतक असताना.

बाळाचार्यांनी मग एका लग्नातल्या घोळक्याच्या फोटोतून आईंचं डोकं मोठं करून आणलं. मूळ फोटोत ते डोकं हरभऱ्याएवढं. मोठं केल्यावर नुसतं करडं करडं झालं, सारवलेल्या जमिनीसारखं, वर पदराची एक पांढरी कड. त्यालाच चौकट, त्यालाच हार. रोज सकाळी त्यापुढं हात जोडताना लीला डोळे मिटून घ्यायची, आणि बघणाऱ्याला वाटायचं सूनबाईंची केवढी भक्ती.

मधुकर नवनगरला दोन खोल्यांत एकटा राहिला. स्वतः शिजवून खायचा. त्यानं पुढं दुसरा कॅमेरा घेतला, त्याला बाजाच्या पेटीला असतो तसा भाता होता. भाता ताणला की मुंगीचं तोंड गाढवाच्या तोंडाएवढं दिसायचं. मात्र जितका ताणावा तितका उजेड आत कमी पोचतो, म्हणून खटका दाबून एक, दोन, तीन करत मोजत बसायचं. दाखवताना तो म्हणाला, "यात ज्या डोळ्यानं बघायचं त्याच डोळ्यानं घ्यायचं, वहिनी. ठोकळा नको. हाताशी कोणी नसलं तरी चालतं."

"बरं झालं की," लीला म्हणाली. तिला बरं वाटलं नव्हतं.

हो, ती जायची. वर्षातून दोनदा, दातांच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगून. बाळाचार्यांनी मोजले असते तर लीलाचे आतापर्यंत पन्नासेक दात काढून झाले असते. ती चकलीचा डबा न्यायची, त्याची भांडी घासायची, आणि निघता निघता चप्पल पायात सरकवत विचारायची, "मधू, सांगू का रे यांना?"

तो म्हणायचा, "कशाला? अण्णांना रागाची सवय झालीय. या वयात सवयी मोडू नयेत."

ती म्हणायची, "बघ हं," आणि हलक्या पावलांनी बसस्टॉपकडे चालू लागायची. त्याचं ते नाही ऐकायलाच ती विचारत होती, हे तिचं तिला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर बाळाचार्यांचा राग आता पहिल्यासारखा राहिला नव्हता. सांगितलं असतं तर दोन दिवस घरात ताटं आपटली असती, फार तर आठ दिवस. पण पहिल्या वर्षी भीती होती, पाचव्या वर्षी लाज आली, आणि पंधराव्या वर्षी असं झालं की गुपितापेक्षा ते इतकी वर्षं लपवलं हेच मोठं झालं.

मधुकरला सत्तर पुरी झाली त्या वर्षी मात्र तिनं नेहमीसारखं विचारलं आणि तो नेहमीसारखं बोलला नाही. गॅलरीत उभा राहून कुंडीतल्या तुळशीकडे बघत होता. म्हणाला, "तुम्हाला सांगावंसं वाटतं का, वहिनी?"

लीला म्हणाली, "बसची वेळ झाली बाई माझी."

बस दर पाच मिनिटांनी होती.

गेल्या माघात बाळाचार्यांच्या डोळ्यांत भिंग घातलं, मोतीबिंदूचं. चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांना एकदम सगळं लख्ख दिसायला लागलं आणि घरात कोणाची धडगत राहिली नाही. भांड्यांचा राप दिसला, कोपऱ्यातलं जाळं दिसलं. लीलाला म्हणाले, "तुझ्या तोंडावर एवढ्या सुरकुत्या कधी आल्या गं?" ती म्हणाली, "तुम्ही शाळेत गेला होतात तेव्हा."

चौथ्या दिवशी ते भिंतीसमोर जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "लीला, यात आईचं नाक कुठंय?"

लीलानं औषधाची बाटली हातात घेतली.

"नाक नाही, डोळे नाहीत. मी इतकी वर्षं हात जोडतोय कशाला? पोतेऱ्याला?" आणि येऊन पलंगावर आडवे झाले, कारण थेंब घालायची वेळ झाली होती. "एक फोटो. एक फोटो काढला असता त्या गाढवानं…"

लीलानं दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब टाकला. थेंब टाकल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं, उठायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिनं बाटलीचं झाकण लावलं, घड्याळाकडे बघितलं आणि त्या मिटलेल्या डोळ्यांना म्हणाली, "काढले होते त्यानं."

"काय?"

"आईंचे फोटो. नऊ. चार चेहऱ्याचे होते. मी रोल उघडला आणि उजेडाला धरला. त्याचं काही चुकलं नव्हतं. तुम्ही मला बोलाल म्हणून तो गप्प राहिला." एवढं बोलून तिला वाटलं, आता छत कोसळेल.

बाळाचार्य हलले नाहीत. मिटल्या पापणीखालून औषध गालावर ओघळलं, की दुसरं काही होतं, ते तिनं पुसून घेतलं.

"चेहऱ्याचे चार?"

"चार."

"हसत होती का?"

"हसत होत्या."

"आणि तू," ते म्हणाले, "तेव्हा आत होतीस. तेराव्याला. आत होतीस ना?"

"पुरण वाटत होते."

"हं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "घड्याळ बघ. पाच मिनिटं झाली का?"

शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं तिला झालं. दोन दिवस ते तिच्याशी मीठ-पाण्यापुरतं बोलले. बुधवारी संध्याकाळी म्हणाले, "उद्या नवनगरला जातो."

"मी येते."

"तू नको. तू असलीस की तो तुझ्याकडे बघून बोलेल. आणि फोन करू नकोस. आधी कळलं तर अवघडून बसेल, नाहीतर कुठंतरी निघून जाईल. मी आपला जाऊन दार वाजवतो."

लीलाचा हात फोनकडे गेला होता तो तिनं मागं घेतला. सांगायचं ते सांगून झालं, आता तरी यांचं ऐकावं, असं तिला वाटलं. गप्प बसण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतंच.

गुरुवारी बाळाचार्य काळा चष्मा लावून रिक्षानं गेले. अकराला पोचले तर दाराला कुलूप. शेजारच्या सविताबाईंनी खुर्ची आणून दिली, पाणी दिलं. बाहेरचं पाणी ते पीत नसत. त्या दिवशी प्यायले. सविताबाईंनी विचारलं, "आपण कोण?" ते म्हणाले, "मधुकरचा थोरला भाऊ." वहिनी येताना त्या बाईनं बघितली होती, पण भाऊ हयात असल्याचं तिला पहिल्यांदाच कळत होतं. ती म्हणाली, "सर येतील की इतक्यात. फोन करू का?" तर म्हणाले, "नको नको. येऊ दे सावकाश."

ते पावणेदोन तास त्या खुर्चीवर बसले. एक वाजता थेंब घालायचे होते, आणि रस्त्यावर धूळ उडत होती. पावणेएकला ते उठले. "सांगा त्याला, अण्णा येऊन गेला. शनिवारी परत येतो म्हणावं." सविताबाईंनी मान हलवली, आणि कुलूप लावून अळणावरला बहिणीच्या नातवाच्या बारशाला गेल्या. त्यांच्या गाडीची वेळ झाली होती. आल्यावर सांगू म्हणाल्या.

घरी आल्यावर बाळाचार्य लीलाला म्हणाले, "दारात तुळस आहे त्याच्या. चांगली वाढवलीय." संध्याकाळी लीला परत फोनपाशी गेली. "शनिवारी जातोय ना मी," ते आतून म्हणाले. तिनं फोनवरची धूळ पदरानं पुसली आणि मागं फिरली.

शुक्रवारी सकाळी मधुकरनं दुधाची पिशवी आत घेतली नाही. सविताबाई अळणावरहून नवाला परत आल्या, तेव्हा ती दारातच होती. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, काही कळलं नसणार. सविताबाई लीलाला धरून इतक्या रडल्या की लीलालाच त्यांची समजूत घालावी लागली. बारशाला जाणं हा काही दोष नव्हे. बाळाचार्यांनी भावाला अग्नी दिला. त्यांचे डोळे बिघडतील म्हणून सगळे धुरापासून लांब बोलावत होते. ते हलले नाहीत.

त्या गुरुवारी तो होता कुठं, हे लीलाला कळायलाच हवं होतं. त्याच्या सदऱ्याच्या खिशात कुरियरची पावती निघाली, हुबळीतल्या कोप्पीकर रोडवरच्या दुकानाची. महिना झाल्यावर ती तिथं गेली. या वेळी बाळाचार्यांना खरं कारण सांगून गेली. काउंटरवरच्या आनंद नावाच्या मुलानं तिला स्टुलावर बसवलं आणि म्हणाला, सर काय, नेहमीसारखेच आले होते, अक्का.

रुंद रोल धुऊन देणारं हुबळीत कोणी उरलं नव्हतं. म्हणून रोल भरला की मधुकर तो बेंगळूरला पाठवायचा, महिना-दीड महिन्यातून एकदा. त्या दिवशी साडेदहाला घरून निघाला. दुकानात रांगेत दोन माणसं होती, त्यांच्यामागं उभा राहिला. नंबर आल्यावर पिशवीतून काळ्या कागदात गुंडाळलेला रोल काढला, तो डबीत, डबी कापसात, कापूस खोक्यात. चिकटपट्टी आनंदनं लावलेली त्याला आवडायची नाही, ती त्यानं स्वतः लावली, चारी बाजूंनी, बोटानं दाबत.

"या वेळी आत कोण, सर?" आनंदनं विचारलं. हे तो दर वेळी विचारायचा.

"पेरूची बी."

"गेल्या महिन्यात मुंगी होती."

"मुंगीला घाई असते. बी बसते गुपचूप."

त्यानं पत्ता लिहिला, इंग्रजीत आणि कानडीत, आणि खाली तांबड्या पेननं, उन्हात ठेवू नये. "मंगळवारपर्यंत पोचेल ना?"

"पोचतो की सर. दर वेळी पोचतो."

"पोचला की कळव."

"कळवतो की."

पावती खिशात ठेवून तो शेजारच्या टपरीवर गेला आणि अर्धा कप चहा घेतला, बिनसाखरेचा. पुढं गाडीवर लिंबं बघितली, तीन निवडली, एक परत ठेवलं. चपलेचा अंगठा सुटत आला होता तो कोपऱ्यावर शिवून घेतला, शिवून होईपर्यंत एका पायावर उभा राहून चांभाराशी उन्हाळ्याबद्दल बोलला. मग धारवाडकडे जाणाऱ्या सिटी बसच्या, चिगरीच्या, स्टॉपवर आला. पहिली बस सव्वाबाराला आली, ती भरून. त्यानं सोडली. दुसरीत उभं राहायला जागा होती, कंडक्टर या या म्हणत होता, पण मधुकरला खिडकी लागायची, आणि घरी तशी घाई काहीच नव्हती. तीही सोडली. लिंबांची पिशवी मांडीवर घेऊन तो बाकावर बसला, आणि तिसरी आल्यावर, सावलीच्या बाजूची जागा बघून, चढला.